अर्जाचा विचार करण्यास आनंद होईल

९ जून १९५७, रविवार. चिंचवड.
ठरले. अमेरिकेला जायचे. भाषाशास्त्रात एम. ए. करायचे, जमल्यास डॉक्टरेटही.
काल पुण्यातला भाषाशास्त्राचा उन्हाळी वर्ग संपला. कारखान्यातून बिनपगारी रजा काढून गेलो होतो. शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी पाहुणे अमेरिकन प्रोफेसर लँडिस यांनी माझा हात हातात घेतला आणि आमच्या बाजूला कधी आलात तर जरूर भेटा म्हणाले. हात त्यांनी सगळ्यांशीच मिळवला. पण माझ्या वेळी कपबशी खाली ठेवली होती.
ध्वनी ओळखण्याच्या परीक्षेत शेवटून पहिला आलो. प्रोफेसर एकेक ध्वनी तोंडाने काढणार, आपण तो कागदावर लिहायचा. मी पंख्याखाली बसलो होतो. शिवाय उजव्या कानात मळ असावा. अमेरिकेत थंडी असते, तिथे पंख्याचा प्रश्न येणार नाही.
निश्चय: पहाटे पाचला उठणे. रोज इंग्रजी वाचन. कानात कोमट तेल. कारखान्यातल्या क्षुल्लक गोष्टींत मन न गुंतवणे.

१० जून
साडेसातला उठलो. पहिलाच दिवस, शरीराला कल्पना नव्हती.
डिस्पॅच खात्यात उशिरा पोहोचलो. रंगराव म्हणाला, "सयाजीराव, आला का साहेब होऊन?" रंगराव कऱ्हाडकडचा, मॅट्रिक. त्याचे टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. औषधांच्या खोक्यांची चलने तो हाताने लिहितो, मी टाइप करतो. अशा माणसावर रागवायचे नसते.

१६ जून, रविवार
शालनला सांगितले. ती दुधापाशी होती. किती दिवस, म्हणाली. दोन-तीन वर्षे, म्हणालो. मग माझं काय, म्हणाली. म्हणालो, तो तपशील झाला, आधी तत्त्वतः ठरू दे.
"तत्त्वतः दूध उतू गेलं," म्हणाली.
तिचे एकच चालू असते. कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर कधी मिळणार. तिथे नळ घरात असतो. लग्न झाले तेव्हाच अर्ज टाकलेला आहे, नंबर लागायचा तेव्हा लागेल. आडाचे पाणी ओढून तळहाताला घट्टे पडलेत म्हणून दाखवले. पाहिले.
तेल आज राहिले.

७ जुलै, रविवार
प्रोफेसर लँडिस यांच्या विद्यापीठाला आणि स्वतः लँडिस यांना पत्रे पाठवली. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर टाइप केली. लँडिस यांना अशी विनंती केली आहे की त्यांनी स्वतःच्याच खात्याकडे माझी शिफारस करावी. तिकीटही लागणार नाही.

१४ जुलै, रविवार
संशोधनाला सुरुवात. अर्जासोबत नमुना जोडावा म्हणतो. घरमालकीण अंबूबाई जुन्या गावठाणातली, बोली अस्सल. ओट्यावर तांदूळ निवडत होती. कार्डे घेऊन समोर बसलो.
विचारले, 'मी जातो' हे तुम्ही कसे म्हणता?
"कुठं निगालास?"
म्हणालो, कुठेच नाही.
"मग कशाला म्हनू?"
म्हणालो, समजा तुम्ही निघालात.
"समजा नगं. आमी जातो म्हनत न्हाई कदी. येतो म्हनायचं. जातो म्हनलं की मानूस माघारी येत न्हाई."
कार्डावर लिहिले: या बोलीत 'जाणे' क्रियापदाला वर्तमानकाळ नाही. हा मोठा शोध असू शकतो.

२१ जुलै, रविवार
पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात गेलो. सिंधी भाषेत श्वास आत ओढून काढायचे ध्वनी असतात, वर्गात सांगितले होते. एका कापडवाल्याने दुकानात बसवून घेतले आणि दोन प्रकारचे 'ब' काढून दाखवले. पुन्हा काढले. त्याच्या बायकोने काढले. एका गिऱ्हाइकानेही काढले. मला एकच ऐकू येत होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्यांना वाईट वाटू नये म्हणून कळला म्हणालो आणि पायजम्याचे कापड घेतले.
कानाचे काहीतरी केले पाहिजे. सोमवारपासून.

२४ ऑगस्ट, शनिवार
पत्र आले! सोबत अर्जाचा फॉर्म.
सुरुवात 'डियर मिस वाबळे' अशी आहे. सयाजी हे नाव त्यांना बाईचे वाटले असावे. लिंग ही व्याकरणातली अगदी बेभरवशाची गोष्ट आहे, हे भाषाशास्त्रज्ञांना मी सांगायला नको. मुख्य वाक्य असे: आपला अर्ज वेळेत आल्यास त्याचा विचार करण्यास आम्हाला आनंद होईल.
वाक्याचे पृथक्करण केले. 'आल्यास' हे गौण. 'आम्हाला आनंद होईल' हे प्रधान. भविष्यकाळ, संशय कुठेही नाही. ज्यांना आनंद होणार हे आधीच ठरले आहे, ते नाही कसे म्हणतील?
रंगरावाला दाखवले. वाचून म्हणाला, "विचार करू म्हणतायत, राव. माझ्या लग्नाच्या वेळी मामा पण असंच म्हणला होता. पोरगी दुसरीकडं दिली."
मॅट्रिक.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
क्वार्टरसाठी नंबर लागला. कॉलनीचे काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने बोलावून किल्ली दाखवली आणि क्वार्टरही दाखवून आणले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीला जाळी. नळ सोडून पाहिला. पाणी आले. काही वाटले नाही.
सारासार विचार केला. वर्षभरात अमेरिकेला निघायचे. आता सामान हलवायचे, मग पुन्हा हलवायचे. शालनला एकटीला कॉलनीत कोण सोबत? कागदावर 'गरज नाही' असे लिहून सही केली. अधिकारी म्हणाला, "घरी विचारा हो. उद्या सांगा." म्हणालो, घरी एकमत आहे.
यादीत पुढचा नंबर रंगरावाचा निघाला.
शालनला योग्य वेळी सांगेन.

१५ सप्टेंबर
आज योग्य वेळ नव्हती.

२२ सप्टेंबर
आजही नव्हती. तिचे डोके दुखत होते.

६ ऑक्टोबर
दसरा झाला. सणावारी असे विषय काढू नयेत.

१० नोव्हेंबर, रविवार
रंगरावाने नव्या क्वार्टरमध्ये सत्यनारायण घातला. आम्हा दोघांना आग्रहाचे बोलावणे. शालनला ऐनवेळी ताप येईल अशी आशा होती. आला नाही.
रंगरावाची बायको कौशल्याबाई साधी बाई. शालनचे दोन्ही हात धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी प्रसादाचा द्रोण घेऊन दाराशी उभा होतो, सगळे दिसत होते. म्हणाली, "वैनी, तुमच्या ह्यांनी नंबर सोडला म्हणून आम्हाला ह्यो नळ. देवमाणूस हायेत बघा."
शालनने माझ्याकडे पाहिले नाही. नळ सोडला. हात पाण्याखाली धरला. बराच वेळ धरला. मग बंद केला आणि म्हणाली, छान आहे.
परत येताना मी सायकल हातात धरून चालत होतो. सगळी योजना समजावून सांगितली. स्कॉलरशिप, परत आल्यावर पुण्यात प्रोफेसरकी, बंगला. फाटकापाशी मालगाडी आली. आवाजात ऐकू गेले नसेल म्हणून गाडी गेल्यावर सगळे पुन्हा सांगितले.
"ऐकलं मी पहिल्यांदाच," म्हणाली.
घरी आल्यावर आडावर गेली आणि पाणी ओढले. घागरी भरल्या, कळशी भरली, पातेली भरली, ताटे सोडून सगळे भरले. मौन म्हणजे संमती असे संस्कृतात आहेच.
मला वाईट वाटेल असा अंदाज होता. तसे काही झाले नाही. प्रसाद खाल्ला नव्हता, त्यामुळे असेल.

१ डिसेंबर, रविवार
शिफारसपत्रे. पुण्याला जाऊन कॉलेजातल्या संस्कृतच्या सरांना भेटलो. आता निवृत्त, डोळ्यांना कमी दिसते. वाबळे म्हणालो तरी ओळखेनात. मग एकदम म्हणाले, "घोड्यावरून पडून ज्याचा पाय मोडला, तो वाबळे का?"
शेवटची गाडी चुकेल म्हणून होय म्हणालो.
त्यांनी फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. मोडलेल्या पायानिशी या विद्यार्थ्याने परीक्षा दिली, असे शेवटचे वाक्य.
कारखान्यातल्या साहेबांनी दोन ओळी दिल्या. सदर इसम सहसा वेळेवर येतो. 'सहसा' हा शब्द काढा म्हणालो. 'येतो' पण काढू का, म्हणाले.

१५ डिसेंबर, रविवार
अर्जातला मुख्य निबंध आज पूर्ण केला. आपण भाषाशास्त्राकडे का वळलात? इंग्रजीत लिहिला आहे. तिसऱ्या परिच्छेदाने फार वेळ घेतला. शालन समोर येऊन बसली होती आणि काहीतरी बोलत होती, पुष्कळ वेळ. मी हं, हं म्हणत होतो. अखेर वाक्य साधले: लहानपणापासून मी माणसांचे बोलणे अत्यंत लक्षपूर्वक ऐकत आलो आहे.
वर पाहिले तर ती आत गेली होती.
उद्या पोस्टात टाकतो.

१२ जानेवारी १९५८, रविवार
शालन संक्रांतीला रावेतला माहेरी गेली. सासरे यशवंतराव बैलगाडी घेऊन आले होते. चार दिवसांसाठी शिवणाचे मशीन कशाला नेले कळत नाही. मशीन गाडीत चढवायला मीच हात लावला.
गाडीत बसल्यावर म्हणाली, "सांगितलंय मी तुम्हाला."
म्हणालो, हो.
काय ते आठवेना. सासऱ्यांसमोर विचारणे बरे दिसले नसते.
घर शांत. अभ्यासाला उत्तम.

१३ जानेवारी
अभ्यास झाला नाही. शांतता नवीन असल्यामुळे.

२ फेब्रुवारी, रविवार
पिठले लागले. भात कच्चा. अमेरिकेत विद्यार्थी स्वतःच शिजवतात म्हणे, त्या दृष्टीने हा सराव आहे.
अंबूबाईने भाकरी आणून दिली. म्हणाली, "शालन कवा येनार?" म्हणालो, संक्रांत झाली की.
"संक्रांत होऊन गेली की रं बाबा."
शालनला पत्र लिहावे असे मनात आहे. अर्जाचा निकाल लागला की एकदमच लिहीन.

१ मार्च, शनिवार
राजीनामा दिला. नोटीस एक महिन्याची द्यावी लागते. अमेरिकेचे पत्र आल्यावर धावपळ नको. साहेब म्हणाले, "ॲडमिशन झाली का?" म्हणालो, त्यांना आनंद होणार आहे.
त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिले आहे का. मग सही केली.
जिना उतरताना पाय हलके वाटले. हलके म्हणजे, आहेत की नाहीत असे. चांगली खूण असावी.

३१ मार्च, सोमवार
निरोप समारंभ. हार, नारळ, पेढे. साहेब म्हणाले, आपल्या डिस्पॅच खात्यातला माणूस सातासमुद्रापार चालला आहे, अभिमानाची गोष्ट आहे. टाळ्या. मी चार शब्द बोललो. मानवी कंठातून किती विविध ध्वनी निघू शकतात, यावर. पॅकिंगच्या बायका हसल्या, पण मायेने.
रंगरावाचे डोळे भरले होते. बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सयाजीराव, पत्र आलंय ना?"
येईल, म्हणालो.
"आन् वैनी?"
येतील, म्हणालो.
हार गळ्यात तसाच ठेवून सायकलवरून घरी आलो. कुलूप काढले. हार खुंटीला लावला. नारळ अंबूबाईला दिला.

९ एप्रिल
पोस्टमन आला, शेजारी गेला.

१८ एप्रिल, शुक्रवार
आले.
डियर मिस वाबळे. आपल्या अर्जाचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला. यंदा आपल्याला प्रवेश देता येत नाही याचा आम्हाला खेद वाटतो.
खाली प्रोफेसर लँडिस यांच्या हातची एक ओळ आहे. पुण्यातला उन्हाळा आठवतो म्हणतात. आपला पाय आता बरा असेल अशी आशा करतात.
'खेद वाटतो.' वर्तमानकाळ. कर्ता 'आम्हाला', नाही, कर्ता 'खेद'. तिथपर्यंत आलो. पुढे सुचेना. बसून राहिलो. दिवेलागण झाली तेव्हा अंबूबाई दारात येऊन दिवा का लावला नाही म्हणाली. लावला.

२१ एप्रिल, सोमवार
कारखान्यात गेलो. साहेबांनी खुर्ची दिली. ती आधी कधी दिली नव्हती. म्हणाले, तुमच्या जागी माणूस घेतला, कॉलेजचा आहे, टाइपिंग चांगले करतो. डिस्पॅचचा हेड आता रंगराव आहे, त्याच्या हाताखाली टेंपररी घेऊ शकतो. खोकी मोजायची. पहिली शिफ्ट.
हो म्हणालो.
रंगराव उठून उभा राहिला. मला वाटले आता बोलणार काहीतरी. खोक्यांच्या राशीपाशी घेऊन गेला, कोणते कुठे लावायचे ते दाखवले आणि म्हणाला, "वरच्या खोक्याला हात लावताना मला हाक मारा, राव. पडतंय ते."
हार घालणाऱ्यांपैकी कोणी काही विचारले नाही. एक पॅकिंगवाली हसायला लागली होती, दुसरीने तिला कोपराने ढोसले.

२७ एप्रिल, रविवार. रावेत.
शालनला आणायला आलो. सायकल वाटेत दोनदा पंक्चर झाली, उन्हात हातात धरून आणली.
सासूबाई सुभद्राबाईंनी पाहुण्यांच्या कपात चहा दिला. पडवीत मशीन चालू होते. शाळेच्या गणवेषांची मोठी ऑर्डर आहे म्हणे, चिंचवडच्या शाळेची. गावातल्या दोन मुली शालनकडे शिकायलाही येतात. त्यांना तिने घरी पाठवले आणि समोर येऊन बसली.
"काय झालं?"
नाही म्हणाले, म्हणालो.
"बरं."
म्हणालो, क्वार्टरसाठी पुन्हा अर्ज टाकतो. टाका, म्हणाली. म्हणालो, चल. कुठे, म्हणाली. म्हणालो, घरी.
"डिसेंबरात मी तुमच्यापुढं बसून सांगितलं होतं. तुम्हाला जायचं तर जा. मी रावेतला शिवणकाम करून राहीन. पण त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तुम्ही हं म्हणालात."
मी लिहीत होतो, म्हणालो.
"माहितेय मला. पण हं म्हणालात."
रागावली आहेस का, असे विचारले.
"आधी राग होता. त्या नळाखाली हात धरला ना, तेव्हा होता. आता काहीच नाही. तुम्ही अमेरिकेला गेला असतात तरी काही वाटलं नसतं. आलात, तरी काही वाटत नाही."
हे मला पूर्ण समजले. मलाही बरेच दिवस तसेच होत होते, हे सांगावेसे वाटले. सांगितले नाही. ती उठून मशीनवर बसली होती.
यशवंतराव गोठ्यातून आले, पाय धुतले. माझ्याकडे आणि सायकलकडे पाहिले. म्हणाले, "गोठ्याजवळची खोली मोकळी हाय, जावईबापू. कडबा काडला की झालं. ऱ्हावा."
घरजावई हा शब्द कोणीच उच्चारला नाही. मीही इथे एकदाच लिहितो.

४ मे, रविवार
कडबा काढला. अंबूबाईची खोली सोडली. सामान बैलगाडीत सहज मावले. कार्डांचा गठ्ठा कडब्यावर ठेवला होता, रस्त्यात कुठेतरी पडला असावा. परत जाऊन बघता येणार नाही इतके दूर नव्हते. गेलो नाही.
निश्चय: (पुढे सुचेल तसे लिहीन.)

१८ मे, रविवार
काल रंगरावाने हजेरीबुकात माझ्या नावापुढे उशिराची खूण केली. मग खोडली. खोडू नका म्हणालो.
रात्री गोठ्यातल्या म्हशीचे रवंथ ऐकू येते. झोप लागते.

१ जून, रविवार
शाळा उघडायच्या आत गणवेष द्यायचे आहेत. शिकणाऱ्या मुली लग्नाला गेल्यात. शालन पडवीतून म्हणाली, "अहो, जरा इकडे येता का?" चार महिन्यांत पहिल्यांदा अहो म्हणाली. मी लगेच गेलो.
खाकी कापडाचा ताग्याकडचा काठ मला धरायला दिला. "ताणून धरा. हलवू नका. हलला की वाकडं कापलं जातं."
धरला. ती समोरून खडूने रेघा मारत, कापत येत होती. एकेक तुकडा बाजूला ठेवायची आणि पुन्हा ताणायला सांगायची. सासूबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. सासऱ्यांनी यायचे टाळले. ऊन पडवीत आले, मग पायांवर आले. हाताला मुंग्या आल्या, नंतर मुंग्याही गेल्या. काठ हलू दिला नाही.
शालन म्हणाली, "सोडा आता."
मला ऐकू आले नाही. तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले.